दोनदा सांगितलेला आकडा

आक्का,

तू असतीस तर पहिला प्रश्न गिरणीचा विचारला असतास, म्हणून आधी तेच. मसाल्याचा डंका चालू स्थितीत आहे. मोटर जळलेली नाही, पट्टा तुटलेला नाही, नव्या ड्राइव्हमध्ये दोष नाही. मध्ये नऊ दिवस मात्र, सगळं जोडलेलं असूनही, तो चालला नाही. त्या नऊ दिवसांची हकीकत तुला सांगायची राहिली आहे, आणि ती दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

तू गेलीस त्याला आज सव्वीस दिवस झाले. जन्म, शिक्षण, लग्न, पश्चात कोण कोण, असा मजकूर मी तुझ्यावर लिहिणार नाही. चौतीस वर्षं तसे मजकूर लिहिले. एका कॉलमात माणूस बसवायचा आणि उरलेला कापायचा. तो हात कसा चालतो हे मला नीट माहीत आहे. या हकीकतीत तेच आहे.

वाडीत थ्री फेज वीज का नाही, यावरचं आपलं भांडण मिटलेलं नाही. मोठ्या रस्त्यावरून सगळ्या तारा जातात. तिथून चार खांब आत आपली वाडी, आणि त्या चार खांबांवरून एकच फेज येते. खांब जुने, जादा तारांचं वजन पेलणार नाहीत. नवे रोवायचे तर मधली काजूची बाग लागते; तिचा मालक परदेशात, संमतीचं पत्र काही येत नाही. तू मला म्हणालीस, "पेपरात घाल." मी म्हणालो, घरचा विषय बातमीत घालता येत नाही.

"वाडीत सत्तावीस घरां आसत. ती सगळी तुजी?"

"तुझी गिरण व्हायची आहे ना त्यात."

"मगे ऱ्हवांदे. तुजो पेपर माका उपयोगी पडता. पुडे बांधूक."

त्यानंतर प्रत्येक वेळी तू मला मसाला दिलास तो आमच्याच पेपरात गुंडाळून, संपादकीय पान बाहेरच्या बाजूला. माझा नियम बरोबर होता असं मला आजही वाटतं. तू बरोबर होतीस असंही वाटतं. ही दोन वाक्यं मला एकत्र बसवता येत नाहीत.

तू खांबांची वाट बघत बसली नाहीस. बांद्याची एक बंद पडलेली मसाल्याची गिरण तू उचललीस: दोन लोखंडी मुसळं, दोन उखळ्या, तीन हॉर्सपॉवरची मोटर. मोटर थ्री फेजची, घरात सिंगल फेज. आधी तू साधी सिंगल फेजची मोटर लावून पाहिलीस. ती सुरू होताना असा हिसका द्यायची की वाडीतले दिवे मंद व्हायचे आणि शालिनीकाकी परसातून ओरडायची, "आक्का, माजो टीव्ही मेलो गो!" मग कुडाळचा पास्कू मेस्त्री, मोटरींचं वाइंडिंग भरणारा, त्याने बांद्याच्याच मोटरीला कपॅसिटर जोडून दिले. ती फिरली, पण गुरगुरत, आणि अर्ध्या तासात हात लावता येईना एवढी तापली. शेवटी त्याने एका फेजच्या तीन करणारी ड्राइव्हची पेटी आणली. मोटरीच्या डबीतल्या पितळी पट्ट्या आडव्या होत्या, त्या उभ्या केल्या, म्हणजे घरच्या विजेच्या दाबावर मोटर पुरी चालावी. त्या दिवशी मुसळं पहिल्यांदा सावकाश उचलली गेली, आणि वाडीतला एकही दिवा हलला नाही.

हे कसं होतं ते मी पास्कूला विचारलं होतं. त्याने जे सांगितलं त्यातलं निम्मं मला कळलं नाही. तू एका गिऱ्हाइकाला सांगत होतीस ते मात्र कळलं. "एक बाय पाणी आणता. ह्यो डबो तां टाकयेत भरता. मगे तीन बायांक पाळयेन देता. इतक्या बेगीन देता, इतक्या बेगीन, की तिघींकव वाटता आपल्याक पुरा मिळालां." एवढ्या शब्दांत एवढं नेमकं मला कधी लिहिता आलं नाही. त्या वेळी हे तुला म्हणालो नाही.

पेटी खाऱ्या हवेत टिकत नाही, म्हणून उबेसाठी तिच्या कपाटात तू एक पिवळा बल्ब कायम पेटता ठेवायचीस. संध्याकाळी विहिरींचे पंप सुरू झाले की दाब पडतो आणि पेटी बंद होते, म्हणून कांडप सकाळीच. पेटीच्या जाळीत बसलेली मिरचीची पूड दर सोमवारी रंगाच्या ब्रशने झाडायची. हे सगळं तुझ्या डोक्यात होतं. कागदावर काहीच नव्हतं. माझ्या घरात कागदच कागद आणि तुझ्या घरात एक नाही, यावर तू हसायचीस.

चैत्रात तुला धाप लागायला लागली. तू अंथरुणाला खिळलीस त्या आठवड्यात कपाटातला बल्ब उडाला. कोणाच्या लक्षात आलं नाही. चार दिवसांनी पेटी मेली.

तोवर तुला गोव्याच्या हॉस्पिटलात हलवलं होतं. कुडाळच्या दुकानदाराने नवी पेटी दिली, वायरमनने जुन्या जागी जोडली. सुषमा घरी गिरणीपाशी होती. तुझी लेक डावं मनगट प्लास्टरमध्ये घेऊन सासरहून आली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून भरणं, चाळणं, पुडे बांधणं तिच्याकडे होतं. पेटीला हात फक्त तुझा. पास्कू मुलीच्या बाळंतपणासाठी मडगावला गेलेला, फोन बंद. नव्या पेटीत आकडे घालायचे होते, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हते.

भेटीची वेळ चार ते पाच. एका वेळी एकच माणूस आत. मी वही घेऊन आलो. नाकात नळी होती, तू थांबून थांबून बोलत होतीस.

"कोंबड्यो डांबल्यास?"

"डांबल्यो."

"गिरणीच्या दाराक कडी घातली?"

"घातली."

थोड्या वेळाने तू परत कोंबड्यांचं विचारलंस. परत कडीचं. मी परत तीच उत्तरं दिली. मग म्हणालीस, लिवन घे. मोटरीची ताकद. दाब. अँपिअर. फेरे. सुरू होताना किती सेकंद घ्यायचे. पाच आकडे तू डोळे मिटून, क्रमाने, एकदाही न अडखळता सांगितलेस.

"मगे पन्नास." श्वास घेतलास. "पन्नास."

मी एक पन्नास लिहिला.

तू पुन्हा तेच बोलते आहेस असं मला वाटलं. तुझी त्या दिवसाची अवस्था आणि माझी चौतीस वर्षांची सवय, दोन्ही एका बाजूला होत्या. एकच गोष्ट दोनदा आली की दुसरी काढायची. मी विचारसुद्धा केला नाही. हात थांबला, एवढंच.

"वाचून दाखय," तू म्हणालीस.

तेवढ्यात नर्स आली. पाच वाजले होते. मी म्हणालो, "उद्या दाखवतंय. आता गप ऱ्हव."

"सगळां लिवलंस मरे?"

"लिवलंय."

फोनवरून आलेला आकडा वाचून दाखवल्याशिवाय छपाईला सोडायचा नाही, हे मी किती नवख्यांना दरडावून शिकवलं ते मोजता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तुला आतल्या खोलीत हलवलं होतं. तिथे काचेतून बघता येत होतं, बोलता येत नव्हतं. वहीतून फाडलेला कागद माझ्या खिशात होता. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. गिरणीची काळजी मिटली असं समजून गेलीस, आणि ते माझ्या एका शब्दावर.

तेराव्याला सुषमाचे सासरे आले. जेवण झाल्यावर ओटीवर बसून म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ, घर तुझंच आहे, एकटी बाई इथे काय करणार. सुषमा म्हणाली, "गिरण आसा." मी तिथेच बसलो होतो. दोन्ही बाजू ऐकल्या. बोललो नाही.

चौदाव्या दिवशी सकाळी सुषमाने कागद समोर ठेवून सहा आकडे घातले. सात बायका भाजलेली मिरची-धणे घेऊन आल्या होत्या. रिकामा डंका छान चालला. सुषमा हसली, तू गेल्यापासून पहिल्यांदा. मग तिने उखळ्या भरल्या. मुसळं दोनदा उचलली गेली, तिसऱ्यांदा अर्ध्यावर अडकली. मोटर घुंघुं करत राहिली आणि पेटीवर जास्त भाराची खूण उमटून सगळं बंद. तिने अर्धा माल काढला. तेच. पाव ठेवला. कसाबसा चालला, मोटर तापली, बंद.

"आक्काचो हात माहीत होतो गो त्या डब्याक," शालिनीकाकी म्हणाली. वाईट मनाने नाही. पण म्हणाली.

सुषमाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लिहिल्याप्रमाणे घाल."

"घातलंय मामा. तीनदा घातलंय."

"मग कुठेतरी चुकली असशील."

आक्का, हे वाक्य माझं आहे. हातात माझ्याच अक्षरातला कागद धरून मी ते बोललो.

भाजलेला मसाला आपल्या हवेत दुसऱ्या दिवसापर्यंत सादळतो, त्याची पूड होत नाही, लगदा होतो. सातही जणींनी त्याच दुपारी रिक्षा करून आपापले डबे मालवणच्या बाजारातल्या गिरणीत नेले. सुषमा रोज सकाळी उठून नव्याने आकडे घालायची. आठ दिवसांनी तिने घालणं सोडलं. कपाट झाडताना तिच्या हातून काहीतरी दाबलं गेलं असावं, अशी तिची समजूत झाली होती. तशी तिने स्वतःला शिक्षाही केली: जेवणात मीठ सोडलं. मी रोज जात होतो. चहा घेत होतो. पेटीकडे बघत होतो. पेटीवर हिरवे आकडे दिसायचे. मला त्यातलं वाक्य लागत नव्हतं.

नवव्या दिवशी तिने सासरी फोन केला. म्हणाली, शनिवारी गाडी पाठवा.

पास्कू परतला तो दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. बातमी कळल्यावर आधी तुझ्या फोटोसमोर उभा राहिला, टोपी काढून. मग पेटीपाशी गेला. कागद मागितला, एकदा वाचला, बोटाने मोजला.

"आकडो एक कमी आसा," तो म्हणाला. "जास्तीत जास्त वेग पन्नास, हो घातलास, बरां केलास. पण मोटरीक पुरो जोर खंयच्या आकड्यार मिळाचो तां खंय सांगलास? कंपनीतसून येताना थय साठ आसता. डबो साठीर पोचल्यार पुरो जोर सोडतलो, आनी तुमी तेका पन्नासार अडयलास. रिकामो चलतलो. भरलो की बसतलो." त्याने दोन बटणं दाबली. "थयव पन्नास व्हयो. आक्कान सांगूक नाय? तिका तर पाठ होतां."

सुषमा म्हणाली, "माज्याकडसून ऱ्हवलो आसतलो."

मी काही बोललो नाही. पास्कूने उखळ्या भरायला लावल्या. मुसळं उचलली गेली आणि पडली, पुन्हा उचलली गेली. पाच मिनिटांचं काम. पैसे नको म्हणाला आणि गेला. सुषमाने डंका बंद केला, कपाट पुसलं, आणि आत जाऊन बॅग भरायला घेतली. गिरण चालू झाली होती. तिच्या हाताने ती चालेल यावरचा तिचा विश्वास चालू झाला नव्हता. त्यासाठी पास्कूकडे बटण नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी तिला सांगितलं. मागच्या पडवीत ती आमसुलं वाळत घालत होती. जे झालं ते क्रमाने सांगितलं, तुला वर सांगितलं तसंच: दोन पन्नास, एक लिहिला, वाचून दाखवलं नाही, विचारलंस तेव्हा लिहिलं म्हणालो. ती आमसुलं पसरत राहिली.

"म्हणजे मी चुकूक नाय."

"नाही."

"नऊ दिस मी..." ती थांबली. "आनी तुमी पास्कूसमोर गप ऱ्हवलास."

"हो."

मग तिने जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. आयुष्यभर प्रश्न विचारण्याचं काम केलं, असा प्रश्न मला सुचला नसता.

"मामा, आये आनी काय दोनदा बोलली? तुमी लिवन घेवक नाय तां?"

कोंबड्यांचं, मी म्हणालो. कडीचं.

"आनी?"

आणखी एक होतं, आक्का. मी वही मिटल्यावर तू माझं मनगट धरलंस. "सुषमाक परत धाडू नको," म्हणालीस. नर्स नळी नीट करत होती. ती बाजूला झाली तेव्हा पुन्हा म्हणालीस, "परत धाडू नको तिका." ते मी विसरलो नव्हतो. ते मी ठेवून दिलं होतं. तुझं मत आहे, निर्णय तिचा, मधल्या माणसाने एका बाजूचं वजन घालू नये, असा हिशेब मी केला होता. तेराव्याला तिचे सासरे ओटीवर बोलत होते तेव्हाही तो हिशेब माझ्याकडे होता आणि मला तो न्यायाचा वाटत होता.

आता तिला सांगितलं. तू म्हणाली होतीस तसंच, दोन्ही वेळचं.

सुषमा खाली बसली. रडली नाही. "तेराव्याक माका ह्यां व्हयां होतां," ती म्हणाली. "आता मी शबूद देवन बसलंय." उठून आत गेली. शेजारच्या परसात शालिनीकाकी कपडे वाळत घालायची थांबली होती. आपल्या पडवीतलं बोलणं तिथे ऐकू जातं, हे तुला माहीत आहे.

शनिवारी दहाला गाडी आली. सासरे आणि चालक. बॅग ओटीवर होती. सुषमा बाहेर येत होती तेवढ्यात शालिनीकाकी भाजलेल्या मिरचीचा डबा घेऊन खळ्यात शिरली. वास अजून गरम होता.

"बाये, वायच कांडून दी. सादळतली."

"काकी, तू तर मालवणाक कांडून आणलंस."

"ती वेगळी. ही पापडाची."

सुषमाने सासऱ्यांकडे पाहिलं. ते म्हणाले, घे करून, दहा मिनिटांनी काय होतं. तिने बॅग खाली ठेवली, डोक्याला फडका बांधला, दोन्ही उखळ्या काठोकाठ भरल्या. मुसळं चालू झाली. तो डबा संपायच्या आत दुसरी बाई आली. तिच्यामागे तिसरी. कोणी लोणच्याची म्हणाली, कोणी मुंबईच्या मुलाला पाठवायची. मी खळ्याच्या टोकाला जाऊन पाहिलं: वाडीत दिसतील तेवढ्या घरांच्या कौलांतून भाजणीचा धूर येत होता, आणि सगळी वाडी खोकत होती. एकदा भाजलं की थांबवता येत नाही. ते सासऱ्यांनाही माहीत होतं. ते दोनदा उठून काही बोलले, डंक्याच्या आवाजात ऐकू गेलं नाही. चालक गाडीच्या काचा वर करून झोपला.

कोणीही सुषमाला राहा म्हटलं नाही. तिनेही काही म्हटलं नाही. ती भरत होती, चाळत होती, बांधत होती. मोटर तापली नाही. अडीच वाजता गाडी रिकामी परत गेली. जाताना सासरे मला म्हणाले, रविवारी येतो, तयार राहायला सांगा.

आजचा रविवार नाही, पुढचा. बॅग अजून ओटीवर आहे. तिने ती आतही नेलेली नाही आणि उघडलेलीही नाही. काय ठरलं ते मी विचारलं नाही. तिने मला सांगावं असं मी काही केलेलं नाही. काल दिवे लागायच्या वेळी शालिनीकाकी हळूच येऊन म्हणाली, भाऊ, वाडीत आता एका घरात मिरची उरूक नाय, होती नव्हती ती सगळी भाजली.

आज सकाळी पहिल्या एसटीने मालवणला गेलो. बाजारातून पाच किलो बेडगी आणि दोन किलो संकेश्वरी मिरची आणली. देठं काढून खळ्यात पसरली आहे. रविवारसाठी चुलीशेजारी मोठी कढई आणून ठेवली. आक्का, मला भाजता येत नाही.